गोऱ्यांची गोळी

मासे धरायच्या जाळ्याला लावलेला शिशाचा मणी मी एकदा इंग्रजांच्या बंदुकीची गोळी म्हणून साऱ्या जगाला दाखवला. मण्याला मधोमध भोक होतं. दोरी ओवायचं भोक. बंदुकीच्या गोळीला भोक कशाला असेल, हा प्रश्न तिसरीतल्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही. उलट मी त्याचं उत्तरच देऊन टाकलं. 'गोळीस आरपार भोक पडलेले असून त्यावरून चकमकीची तीव्रता लक्षात येते,' असं मी लिहिलं. म्हणजे माझ्या मते त्या दिवशी तिथे गोळ्यांनाही गोळ्या लागत होत्या.

हे लिहिणारी बाई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. आज मी तिच्यापेक्षा बरीच मोठी आहे, माझे निम्मे दात गेलेत, त्यामुळे त्या पोरीबद्दल मोकळेपणाने बोलायला हरकत नाही. तीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत तिने इतिहास शिकवला. इतिहास म्हणजे लढाया, तह आणि त्यांची कारणे व परिणाम. जिने आयुष्यात झुरळावर चप्पल उगारली नाही, तिला तोफा, वेढे आणि खंदक यांचं भारी वेड. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा निवृत्त होऊन ती लेकीकडे राहायला आली: चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला. जावई वीजकेंद्रात. क्वार्टरच्या गच्चीवर पापड घातले की संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर राखेची पिठी बसायची. सकाळी कंपनीच्या बसेस माणसं भरून न्यायच्या आणि दुपारभर सगळ्या वसाहतीत मी आणि एक संगणक असे दोघेच जागे असायचो.

त्या संगणकावर मला तो ज्ञानकोश सापडला. कोणीही यावं, कोणीही लिहावं. देवळाच्या घंटेसारखं. येईल त्याने वाजवावी, देव जागा झाला की नाही ते कोणी बघायचं नाही. त्यात या जिल्ह्याबद्दल चार ओळी होत्या, त्यातली एक उन्हाळ्याच्या तापमानाची. माझ्यातली बाई खवळली. चांदा (म्हणजे जुन्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या इंग्रजी फौजांच्या हालचाली, छावण्या, चकमकी यांचं पान आपण लिहायचं, असा तिने पण केला. खरं तर सत्तावन्नच्या पाठोपाठ इथल्या जंगलात गोंड जमीनदारांनी इंग्रजांशी लढा दिला, त्यावर जाणत्या माणसांनी मेहनतीने लिहिलेलंही आहे. ते वाचून नीट टिपणं काढली असती तर पुष्कळ होतं. पण नाही. हिला नवीन लढाई पाहिजे होती. स्वतःच्या मालकीची.

जुन्या एका पुस्तकात एटापल्लीच्या बाजूला फौजेची तुकडी गेल्याची अर्धी ओळ होती. तेवढ्या अर्ध्या ओळीवर मी जीप ठरवली.

जीप रशीदभाईंची. त्यांचं घराणं शहरात पिढ्यान्‌पिढ्या गाद्या-रजया भरणारं. हिवाळ्यात ते रजया भरत आणि उरलेलं वर्ष जीप हाकत. मी सामान घेऊन खाली आले तेव्हा त्यांनी एकेक वस्तू न्याहाळली: कापडी हॅट, भिंग, मोजपट्टी, वर 'संशोधन' असं लाल शाईने लिहिलेली वही आणि बेसनाच्या लाडवांचा डबा.

"मावशी, एटापल्लीले कोनी नातेवाईक हाय काय तुमचे?"

"नाही हो. इंग्रजांची छावणी शोधायची आहे."

रशीदभाईंनी लाडवांचा डबा उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "लड्डू पुढं घेऊन बसा. ते कामात येईल."

सकाळी सहाला निघालो. बल्लारपूर मागे पडलं, गोंडपिपरीला चहा झाला. आष्टीच्या पुलावरून वैनगंगा पाहिली आणि वहीत लिहिलं, 'फौजेला नदी ओलांडणे कठीण गेले असावे.' नदी गुडघाभर होती. पात्रातल्या वाळूत डांगराच्या (कलिंगडाच्या) वाड्या पसरल्या होत्या आणि एक म्हैस पलीकडे निघाली होती, तिला काहीही कठीण जात नव्हतं. पूल संपताच पोलिसांचा नाका. तपासणी नेहमीचीच. पण तिथल्या तरुण शिपायाने माझं भिंग हातात घेऊन विचारलं, "आजी, काय शोधून राह्यल्या?"

"ब्रिटिश फौज," मी ताठ मानेने सांगितलं.

"ते तं गेली आजी," तो भिंग परत देत म्हणाला. "बराच टाइम झाला."

पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी साग चढत गेला. बांबूने लादलेले ट्रक समोरून आले की रशीदभाई जीप थेट झुडपात घालत. अशाच एका झुडपाने घात केला. टायर बसलं. स्टेपनी काढली तर तीही आधीच बसलेली. रशीदभाईंनी टायर एका एसटीच्या टपावर टाकलं, "इथीच ऱ्हा मावशी, जंगलात नोका जाऊ," असं बजावलं आणि स्वतः त्याच एसटीत चढले. मोठे शोध अपघाताने लागतात, असं मी तीस वर्षं वर्गात सांगत आले होते. माझा पंक्चरने लागला.

रस्त्याच्या खालच्या अंगाला मोठा तलाव होता. अर्ध्या पाण्यावर शिंगाड्याचे हिरवे वेल, उरलेल्यात आभाळ. काठावर ढीवरांची (मासेमारांची) पंधरा-वीस घरं. त्या गावाचं खरं नाव मी लिहीत नाही. एकदा लिहून पाहिलं, त्याचंच हे सगळं रामायण आहे. आपण त्याला तळेटोली म्हणू.

पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, उतरताना चिखलात काहीतरी चमकलं. उकरलं तर शिशाची गोळी. बाजूला आणखी एक. हात चिखलात घालत गेले तशा मूठभर निघाल्या. माझं काळीज असं धडधडायला लागलं की लग्नातही तसं धडधडलं नव्हतं. जवळच एक म्हातारे गृहस्थ पाय धूत बसले होते, देवाजीभाऊ. मी मूठ उघडून त्यांच्यापुढे धरली.

"हे काय आहे हो?"

"गोऱ्या होत जी."

आता इथे थांबून सांगायला हवं. या झाडीपट्टीच्या बोलीत 'ळ' चा 'र' होतो. डोळा तो डोरा, काळा तो कारा, शाळा ती शारा. देवाजीभाऊंच्या तोंडून आलेल्या 'गोऱ्या' म्हणजे सरळ साध्या गोळ्या. जाळ्याच्या गोळ्या. आणि मी ऐकलं काय? गोऱ्यांच्या!

"गोऱ्यांच्या?" माझा आवाज चिरकला.

"हो जी, गोऱ्याच," देवाजीभाऊ समजुतीने म्हणाले. पाहुणी थोडी बहिरी आहे असं त्यांना वाटलं असावं.

"मग इथे लढाई झाली होती का?"

"झाली तं! लय मोठी झाली. दोन दिवस चालली."

"कोणाशी?"

"कंपनीसंग."

कंपनी! माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं. दुसरी काढली. "कंपनीची माणसं कुठून आली?"

"त्या पारीवरून आले. लय होते. लाठ्याकाठ्या, विरे, सगरं घेऊन आले."

"गावची माणसं पडली?"

"पडले ना! पान्यात पडले, चिखलात पडले. मी सोता पडलो."

शेवटचं वाक्य मी ऐकलं नाही, कारण तोपर्यंत मी 'अनेक जण धारातीर्थी पडले' असं लिहीत होते. समोरचा माणूस स्वतः पडल्याचं सांगतो आहे आणि पाय धुतो आहे, म्हणजे ही लढाई दीडशे वर्षांपूर्वीची असणार नाही, एवढा हिशेब तिसरीतलं ते पोर इथेही करून गेलं असतं. मी विचारलं, "शेवटी?"

"शेवटी काय? कंपनी पराली."

मी ते लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मग तलावाचा फोटो काढायला उभी राहिले. मध्ये एक बाई बसली होती, चाळिशीची, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून ते विणत होती. मी तिला म्हटलं, "बाई, जरा बाजूला होता का? रणांगण नीट येत नाही." ती माझ्याकडे पाहत जाळ्यासकट सरकली. फोटो स्वच्छ आला.

त्या माणसांनी मला उपाशी पाठवलं नाही. देवाजीभाऊंच्या ओसरीवर भात आणि मरळीचा तिखटजाळ रस्सा वाढला. "सांबार टाकू काय?" त्यांच्या सुनेने विचारलं. मी म्हटलं, "नको, रस्सा आहे ना भातावर." ती हसून आत गेली. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला नंतर कळलं. एका दुपारी दोन शब्द हुकले होते, पण मी एकाचाही संशय घेतला नाही. रशीदभाई टायर घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, "एटापल्ली राहू द्या. माझं काम झालं."

लेख लिहायला चार दिवस लागले, त्यातला अर्धा दिवस कळफलकावर 'ळ' शोधण्यात गेला. तळेटोलीची लढाई. कारणे, घटनाक्रम, परिणाम. 'बंदुकीची गोळी (भोकासहित)' असा फोटो. लेख चढला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या कपाळावर 'संदर्भ हवा' अशी पाटी लागली. लावणारे गृहस्थ स्वतःला 'किल्लेदार' म्हणवत. खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांचा किल्ला म्हणजे तो ज्ञानकोश, आणि त्याच्या दारात ते अष्टौप्रहर उभे असत. मला राग आला. अहो, मी जाऊन आले ना! पण पाटी हलली नाही.

ती हलली दोन महिन्यांनी. जिल्ह्यातल्या एका वर्तमानपत्राच्या बातमीदाराने माझा लेख जसाच्या तसा उतरवून 'विस्मृतीत गेलेले रणांगण' म्हणून छापला. किल्लेदारांनी ती बातमी पाहिली, संदर्भ म्हणून माझ्या लेखाखाली जोडली, पाटी काढली आणि मला लिहिलं, 'आपले लेखन आता विश्वासार्ह झाले आहे. अभिनंदन.' माझंच खोटं वर्तमानपत्रातून आंघोळ करून, गंध लावून घरी परत आलं होतं, आणि मी त्याला ओवाळून घेतलं. तिळगुळाच्या डब्यात कात्रण घालून सगळ्या नातेवाइकांना पाठवलं.

पुढच्या हिवाळ्यात रशीदभाई जावयाची रजई घेऊन दारात आले. रजई खाली ठेवली आणि चपला न काढताच म्हणाले, "मावशी, तुमच्या तलावाची वाट लागली."

तालुक्यातल्या एका पुढाऱ्यांनी ती बातमी वाचली होती. तळेटोलीला रणभूमी स्मारक करायचं त्यांनी ठरवलं. काठावर सिमेंटची तोफ, दोन सिमेंटचे सैनिक, पाण्यात हंसाच्या आकाराच्या नावा आणि प्रवेशद्वारावर स्वतःचं नाव. शिंगाडे काढून टाकायचे, कारण ते नावांच्या आड येतात. जाळी बंद, कारण हुतात्म्यांच्या तलावात मासे धरणं शोभत नाही. ढीवरांच्या सोसायटीला दर वर्षी मिळणारा मासेमारीचा परवाना यंदा अडवून ठेवला होता. पंधरा-वीस घरांचं पोट त्या पाण्यात होतं. आठ दिवसांनी ग्रामसभा. तहसीलचे साहेब येणार, स्मारकाचा ठराव होणार, आणि एकदा ठराव झाला की तलाव गेला.

"अन् गावात तुमाले हुडकून राह्यले," रशीदभाई म्हणाले. "चष्मेवाली बाई कोन होती म्हनते."

मी संगणकापाशी धावले आणि लेख पुसून टाकला. दहा मिनिटांत किल्लेदारांनी तो परत लावला. पुन्हा पुसला, पुन्हा लावला. मग चर्चा सुरू झाली, ती मी जपून ठेवली आहे.

'हा लेख मीच लिहिला असून तो चुकीचा आहे,' मी लिहिलं.

'आपल्या म्हणण्याला संदर्भ?'

'मीच संदर्भ आहे.'

'व्यक्तिगत अनुभव ग्राह्य नाही. कृपया वर्तमानपत्रातील बातमी पाहावी.'

'ती बातमी माझ्याच लेखावरून उतरवली आहे!'

'तसा पुरावा?'

मी तिसऱ्यांदा लेख पुसला. त्यावर निकाल आला: 'विश्वासार्ह लेखाची वारंवार नासधूस केल्याबद्दल आपणास पंधरा दिवस लेखनबंदी.' स्वतःच्या चुकीची नासधूस केली म्हणून शिक्षा झालेली त्या किल्ल्यातली मी पहिलीच कैदी असेन.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी पुन्हा जीप काढली. या वेळी हॅट नव्हती, भिंग नव्हतं, लाडूही नव्हते. आष्टीचा पूल आला, नदी आणखी उतरली होती, आणि मी वहीत काहीच लिहिलं नाही. रशीदभाई म्हणाले, "मावशी, माफी मांगाची तं जीपमंदूनच नोका मांगू. खाली उतरून मांगजा."

पाळीवर पाटी ठोकलेली: 'रणभूमी तलाव. मासेमारीस सक्त मनाई.' तिच्यावरच कोणीतरी धोतर वाळत घातलं होतं. जाळी घरांच्या छपरांवर गुंडाळून पडली होती. मी उतरले, आणि पहिल्यांदा समोर आली ती जाळं विणणारी तीच बाई. ताराबाई तिचं नाव. सोसायटीची ती अध्यक्ष होती. फोटोसाठी मी अध्यक्षांना बाजूला सरकवलं होतं.

"आल्या का बाई," ती म्हणाली. "या. तुमचे गोरे कुठी मारले ते दाखवा आमाले."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने छपरावरचं जाळं ओढून माझ्या हातात दिलं. फेकायचं जाळं, त्याच्या कडेला शिशाचे मणी ओवलेले, रांगेने. प्रत्येकाला भोक. जाळं इतकं जड होतं की माझे हात खाली आले.

"हे काय होय, सांगा."

"गोळ्या," मी पुटपुटले.

"हं. गोऱ्या. जारं पान्यात बुडावं म्हनून लावतो आमी. मी सोता मेनबत्तीवानी शिसं वितरून वतले (ओतले) हे."

इकडे बायकाही 'मी येतो, मी करतो' असं बोलतात. ताराबाई बोलली की ते आणखीच भारदस्त वाटतं. देवाजीभाऊ येऊन बसले, शेजारपाजारच्या बायका जमल्या आणि मला ती लढाई पहिल्यांदाच नीट कळली. बारा-पंधरा वर्षांपूर्वी बाहेरच्या एका मासळी ठेकेदाराने तलाव घेतला होता. त्याच्या पाटीवर 'कंपनी' असं लिहिलेलं, म्हणून सारे त्याला कंपनीच म्हणत. गावाने तलाव सोडला नाही. कंपनीची माणसं पाळीवरून उतरली, त्यांनी विळ्यांनी जाळी कापली, मणी चिखलात सांडले. मग गावच्या बायका छातीभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या, दोन दिवस. पोलीस आले, पंचायत बसली, कंपनी पळाली. तलाव सोसायटीला मिळाला.

"लढाई झाली, हे तं देवाजीभाऊनं खरंच सांगतलं तुमाले," ताराबाई म्हणाली. "दोन दिवस पान्यात मी होतो. माह्या पायाले जरवा लागल्या त्याचे डाग हायत अजून. मी तुमच्या समोर बसलो होतो बाई, भर उनात. मी नाई दिसलो, अन् मेलेले इंग्रज दिसले?"

बायका खदखदून हसल्या. मी हसले नाही. आज हसते, पण त्याला वीसेक वर्षं लागली.

"काय करू सांगा," मी म्हटलं.

"उद्या सभेत बोलान ते बोला. पन शुद्ध भाषेत बोला. साहेबाले तेच समजते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोहाच्या झाडाखाली टेबल मांडलं गेलं. तहसीलचे साहेब बंदूकवाल्या शिपायाला घेऊन आले, पुढारी आले, पुढाऱ्यांबरोबर सिमेंटच्या तोफेचं रंगीत चित्र आलं. साहेबांनी फाइल उघडली आणि पहिलाच कागद काढला तो माझा लेख. छापून, वर लाल फीत बांधून. खाली भोकासहित गोळी.

"पुराव्यानिशी सिद्ध झालेला इतिहास आहे," पुढारी म्हणाले. "आपल्या पूर्वजांचं रक्त सांडलंय इथं."

मी उभी राहिले. "साहेब, तो लेख मी लिहिलाय. तो साफ चुकीचा आहे. इथे इंग्रज कधी लढले नाहीत."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "पण बाई, याखाली वर्तमानपत्राचा संदर्भ दिलाय."

"वर्तमानपत्राने माझंच छापलंय."

"म्हणजे तुमचं आधीचं खोटं आणि आत्ताचं खरं? कशावरून?"

किल्लेदारच देह धरून मोहाखाली बसले आहेत असं मला वाटलं. तीस वर्षं मी मुलांना कारणे आणि परिणाम पाठ करायला लावले, खरं कशावरून हे एकदाही विचारू दिलं नव्हतं.

ताराबाई मागून पुढे आली. तिने कमरेला खोचलेला शिशाचा एक सुटा मणी काढून साहेबांच्या फाइलवर ठेवलं. "साहेब, तुमच्या संग शिपाई हाय. त्याची बंदूक मांगा अन् हे गोरी तिच्यात भरून दाखवा. सुटली तं तलाव तुमचा."

शिपायाने मणी उचलला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "साहेब, याला तर भोक आहे." भर सभेत पहिल्यांदाच कोणीतरी ते मोठ्याने म्हटलं होतं.

साहेबांनी मणी मागून घेतला. आधी हाताने तोलला, मग एक डोळा मिटून दुसऱ्याला लावला आणि त्या भोकातून सावकाश पुढाऱ्यांकडे पाहिलं. बघता बघता सगळी सभा हसायला लागली. पुढारी चित्राची गुंडाळी करत उठले आणि दुसरा कार्यक्रम असल्याचं सांगून निघून गेले.

साहेब मात्र सरकारी माणूस. त्यांनी मला कोरा कागद दिला. "लेखी द्या. स्वतःच्या हाताने." सगळ्या गावासमोर मांडीवर कागद घेऊन मी लिहिलं: 'मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका असून, मासे धरण्याच्या जाळ्यातील मणी मला बंदुकीची गोळी वाटला. कंपनी कोणती, हे मी विचारले नाही. सदर लेख माझ्या अज्ञानातून लिहिला गेला आहे.' सही केली. साहेबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. 'अज्ञानातून' या शब्दावर देवाजीभाऊ म्हणाले, "अक्षर तं चांगलं हाय बाईचं."

ठराव झाला नाही. स्मारकाची फाइल फेरचौकशीला गेली आणि सोसायटीला परवाना मिळाला, पण एकाच हंगामापुरता. पुढचं पुढे बघू, असं साहेब म्हणाले. फाइल मेली नव्हती, नुसती झोपली होती.

परत ऊर्जानगरला आले. लेखनबंदी सुटल्यावर मी त्या कबुलीची प्रत ज्ञानकोशावर चढवली. किल्लेदारांनी बराच विचार केला. हस्तलिखित ग्राह्य नाही, पण ज्येष्ठांचा मान म्हणून त्यांनी लेखाच्या शेवटी एक ओळ घातली: 'या लढाईबाबत स्थानिक पातळीवर मतभेद आहेत.' बस्स. जिने पाण्यात दोन दिवस काढले ती ताराबाई म्हणजे मतभेद. ज्ञानकोश कोणीही लिहू शकतो, हे खरंच. कोणी खोडू शकतो का, ते विचारू नका. त्या वयात मला वाटायचं, की लिहिलेलं टिकतं म्हणून ते मोलाचं. आता मला माहीत आहे की गोचीडही टिकतं.

पण त्या एका ओळीने मला चेव आला. खरी लढाई लिहायची, नावांनिशी, साक्षींनिशी, असं ठरवून मी हंगामात तिसऱ्यांदा तळेटोलीला गेले. तलावावर सकाळची जाळी पडत होती. ताराबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने जाळं खांद्यावरून फिरवून फेकलं, ते गोल उघडलं आणि सगळे मणी एकदम पाण्यात शिरले. मी काठावरून ओरडून विचारलं, "ताराबाई, आता तुमची लढाई लिहू का? तुम्ही सांगाल तशी?"

ती दोरी हातात धरून, जाळं तळाला बसायची वाट पाहत, वळून न बघताच म्हणाली,

"नोका लिवू बाई. लढाई संपल्यावर लिवतेत ना इतिहास? आमची चालू हाय. संपली का मी निरोप धाडतो तुमाले."